अब्बांचं मौन

अम्मी गेली त्या वर्षी माझ्या अब्बांनी बोलणं सोडलं, आणि त्यांचं नाव चार तालुक्यांत झालं. बोलत होते तेव्हा अहेरीच्या बाजाररस्त्यापलीकडे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. नव्वदचं दशक सरत आलं होतं, गावात फोनचे बूथ नवे नवे झाले होते, पण अब्बांची कीर्ती पसरायला फोनचीही गरज पडली नाही. ती आठवण निघाली की मला आधी हसू येतं आणि मग राग येतो. राग जरा बाजूला ठेवते आणि पहिल्यापासून सांगते.

आमचं बांगड्यांचं दुकान होतं. बांगड्या भरणाऱ्याने बाईच्या हाताकडे पाहायचं, तोंडाकडे नाही, ही आमच्या धंद्याची रीत. आणि समोरचा माणूस आपल्या तोंडाकडे पाहत नाही, शिवाय आपला हात त्याच्या हातात अडकलाय, म्हटल्यावर बाई बोलू लागते. सासू, नवरा, सवत, न होणारं मूल, सगळं निघायचं. सिरोंच्याकडच्या बाया तेलुगूत रडायच्या, जंगलातल्या गावांमधल्या गोंडीत, मुलचेऱ्याच्या बाजूच्या बंगाली बाया त्यांच्या बंगालीत. अब्बांना यातलं किती कळायचं कोण जाणे. ते सगळ्या भाषांमध्ये "हं" म्हणायचे. त्यांचं "हं" मात्र असं असायचं की पुढचं सांगावंसंच वाटावं.

गावाबाहेर एक लहानसा दर्गा आहे. तिथे अब्बांचे पीर दफन आहेत. अब्बांनी तरुणपणी त्यांच्या हातात हात देऊन मुरीद, म्हणजे शिष्य, व्हायचं वचन दिलं होतं. पीर आणि मुरीद यांचं नातं असं, की मुरीदाने मनातलं काही म्हणजे काही लपवायचं नाही. वाईट विचार, भीती, रात्री पडलेलं स्वप्न, सगळं पीरापुढे उघडं करायचं. पीर गेले तेव्हा अब्बा चाळिशीचेही नव्हते. त्यानंतर ते दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, संध्याकाळी दर्ग्यात झाडलोट करायचे, दिवा लावायचे आणि ओट्यावर बसायचे. चार लोक येऊन आपलं दुःख सांगायचे. अब्बा तावीज देत नसत, फुंकर मारत नसत. ऐकून घ्यायचे आणि काम सांगायचे. भावाशी भांडून आलेल्याला अंगण झाडायला लावायचे. झोप येत नाही म्हणणाऱ्याला हापशीवरून दर्ग्याची टाकी भरायला लावायचे, आणि तो तिथेच ओट्यावर आडवा व्हायचा. उठून निघताना कुणी मजारीला, म्हणजे पीरांच्या कबरीला, पाठ दाखवायची नाही, दारापर्यंत उलटं चालत जायचं, हा तिथला अदब.

माझं म्हणाल तर मी चंद्रपूरला राहून समाजकार्य शिकून आले होते. आमच्या गावच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा नागपूरहून मनाचे डॉक्टर यायचे, त्यांच्या शेजारी बसून लोकांचं बोलणं त्यांना आणि त्यांचं बोलणं लोकांना समजावून सांगायचं, हे माझं काम. डॉक्टर चांगले आडदांड होते, पण बोलायचे अगदी हळू आणि पुस्तकातल्यासारखं. शिवाय बोलायचेच कमी. बोलण्यातून इलाज करायचा असला तर डॉक्टरने गप्प बसायला शिकावं लागतं, असं ते म्हणायचे. पेशंटला ते काही पटत नसे.

"आपल्याला काय वाटतं?" डॉक्टर विचारायचे.

"मले काय वाटते ते तुमी सांगा ना! म्हणून तं आलो!"

मग डॉक्टर गप्प. पेशंट गप्प. शेवटी पेशंट माझ्याकडे वळून विचारायचा, "बाई, हे सुई काऊन देऊन नाई राह्यले?" सुई न देणारा डॉक्टर आमच्याकडे कच्चा समजला जातो. मी घरी येऊन अम्मीला सांगायचे, की नागपूरचे डॉक्टर आणि अब्बा दोघं एकच धंदा करतात, फक्त डॉक्टरांकडे हापशी नाही. अम्मी पदर तोंडाला लावून हसायची.

मग अम्मी आजारी पडली. अंगावर सूज आली, अंथरूण धरलं आणि पावसाळ्याआधी गेली.

अब्बा रडले नाहीत. मातीला गेले, आले, बसले, आणि बसूनच राहिले. पहिले काही दिवस लोक म्हणाले, दुःख आहे. चाळिसावा दिवस झाला तरी अब्बा बोलेनात. विचारलं तर बघायचे, आणि बघणंही आपल्याला ओलांडून पलीकडचं. दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. रात्री पाहावं तर छताकडे डोळे उघडे.

आता गंमत बघा. हेच सगळं एखाद्या साध्या माणसाला झालं असतं तर लोकांनी त्याला माझ्या डॉक्टरांकडे तरी आणलं असतं, किंवा अंगात काही शिरलंय म्हणून झाडायला तरी नेलं असतं. पण अब्बा पडले पीराचे मुरीद. न बोलणं म्हणजे मौन, न खाणं म्हणजे रोजा, न झोपणं म्हणजे रात्रभर इबादत. सगळा हिशेब बिनचूक जुळला.

हा शोध लावला पोंभुर्ण्याकडच्या एका धान पिकवणाऱ्या भाऊंनी. बायको माहेरी जाऊन बसली म्हणून ते आमच्या दुकानात आले, अब्बांपुढे सगळं सांगितलं. अब्बांनी त्यांच्याकडे पाहून एक लांब उसासा टाकला. भाऊ घरी पोहोचले तर बायको आपणहून परत आलेली. माहेरच्या भावजयीशी तिचं भांडण झालं होतं, हे मला पुढे कळलं, पण भाऊंना ते मान्य नव्हतं.

"बाबा पोहचले," ते दुकानाच्या पायरीवर उभं राहून जाहीर करू लागले. "आता हे आपल्यातले नाई राह्यले. थे वरतं गेले."

अब्बांचे 'बाबा' झाले ते असे. भाऊ धानाची कामं सोडून दर आठवड्याला येऊ लागले, आणि येताना माणसं आणू लागले. दर्ग्यावर मावेना म्हणून लोक दुकानातच येऊन बसायचे. बोलून झालं की दर्ग्याचा अदब दुकानाला लावून उलटं चालत बाहेर पडायचे. आमच्या दारासमोर एक बाई टमाटे विकायला बसायची. बाजाराच्या दिवशी तिच्या ढिगावर किमान एक भक्त कोसळायचाच.

"मांगं पाहून चाला ना, जी! डोये काय घरी ठेवून आले?" ती ओरडायची. पण बाबांच्या नावाला तीही भ्यायची, म्हणून शेवटी तिने टमाटे हलवले आणि तिथे वांगी मांडली. वांग्यांवर पडलं तर नुकसान कमी, असं तिचं म्हणणं.

शिरणी म्हणून रेवड्या, बत्तासे, खोबरं इतकं येऊ लागलं की घरात ठेवायला जागा नाही. अब्बा खात नव्हते. टाकून देणं पाप. मग उरलं कोण? अब्बांच्या पायजम्याची नाडी दर आठवड्याला आणखी आवळावी लागत होती आणि इकडे मला माझे कुडते होईनात. घरातल्या एका माणसाचं दुःख दुसऱ्याच्या अंगाला असं लागावं, हे काही कुठल्या अभ्यासक्रमात नव्हतं.

मी भाऊंना समजावून पाहिलं. "भाऊ, हा आजार आहे. अब्बांना डॉक्टरांकडे न्यावं लागेल."

"तुमी शिकल्या ना, म्हणून तुमाले बिमारी दिसते," भाऊ अगदी मायेने म्हणाले. "आमाले नूर दिसते."

खरं सांगू? ऐकून माझंही मन डळमळलं. अब्बांनीच मला लहानपणी सांगितलं होतं, की त्यांचे पीर चाळीस दिवस कोंडून घेऊन बसत, कुणाशी बोलत नसत, आणि बाहेर यायचे तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहावं असं वाटायचं. अब्बाही त्याच वाटेने निघाले असतील तर? मी कोण त्यांना मागे ओढणारी? मी डॉक्टरांना हे विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले, आणि या वेळी मलाही त्यांच्या गप्प बसण्याचा संताप आला.

मग म्हणाले, "फकीर जेवण सोडतो तेव्हा त्याला भूक लागलेली असते. तुमच्या वडिलांना भूक लागते का?"

अब्बांना भूक लागत नव्हती, तहान लागत नव्हती, कशाचीच ओढ नव्हती. अल्लाची असेल असं मी मानून चालले होते, पण अब्बा नमाजालाही कसेबसे उठत होते. असंच चाललं तर हिवाळ्याआधी अब्बाही अम्मीच्या शेजारी जाऊन झोपतील, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं आणि मी फार घाबरले.

त्याच आठवड्यात दुकानात एक प्रकार झाला. एका नव्या नवरीला बांगड्या भरायच्या होत्या आणि तिला बाबांच्याच हातून हव्या होत्या. अब्बांनी तिचा हात धरला, बांगडी चढवली आणि ती फुटली. एवढंच. कुणाच्याही हातून फुटते. पण मी अब्बांच्या हातून कधी बांगडी फुटलेली पाहिली नव्हती. फुटल्याचा आवाज झाला आणि अब्बा उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं. बाहेर लोकांनी त्या काचांचे तुकडे वेचून प्रसाद म्हणून रुमालात बांधले. मी त्या दिवशी सगळ्यांना दुकानातून हाकललं. लोक उलटे चालतच गेले.

पुढच्या खेपेला डॉक्टर आले त्या दिवशी मी अब्बांना सायकलरिक्षात घातलं. ते नाही म्हणाले नाहीत, कारण ते काहीच म्हणत नव्हते. पण भाऊंना बातमी लागली होती. आम्ही दवाखान्यात पोहोचलो तर व्हरांडा गच्च भरलेला. बाबा दवाखान्याला बरकत द्यायला येणार, असा निरोप फिरला होता. डॉक्टरांच्या दारापुढे चपलांचा ढीग. खिडकीच्या गजात उदबत्त्या खोचलेल्या. नर्सबाई ओरडत होत्या, "अरे, हे काय लावलं? इथी ऑक्सिजन आहे!" आणि डॉक्टरांचे नेहमीचे पेशंट आपापली दुखणी विसरून डोक्यावर रुमाल टाकून उभे होते.

मी अब्बांना आत नेलं आणि दार लोटलं.

दोघं समोरासमोर बसले. डॉक्टरांनी नमस्कार केला. अब्बांनी कपाळाकडे हात नेला आणि खाली ठेवला. मग दोघं गप्प झाले. मी दोघांच्या मध्ये, भाषा समजावून सांगायला बसलेली, आणि समजावायला एक शब्द नाही! पंखा कुरकुरत होता. जरा वेळाने वीज गेली आणि तोही थांबला. गप्प बसण्यात दोघं एकमेकांच्या वरचढ. डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणासमोर हार खाल्ली असावी, कारण तेच आधी बोलले.

"झोप येते का?"

"नाही येत," मी म्हटलं.

"जेवण?"

"दोन घास."

"मी त्यांना विचारतोय," डॉक्टर म्हणाले. दार किलकिलं झालं, भाऊंनी डोकं आत घातलं, "झालं का जी?" मी दार त्यांच्या नाकावर बंद केलं.

मग डॉक्टर अब्बांकडे न पाहता, अब्बांच्या हातांकडे पाहत म्हणाले, "मागच्या महिन्यात दुकानात एक बांगडी फुटली, असं तुमची मुलगी सांगत होती."

अब्बांची बोटं हलली. डाव्या हाताने ते उजव्या हाताचा अंगठा आत दाबू लागले, बाईच्या हाताचा दाबतात तसा.

"साबण लावाले पायजे होता," अब्बा म्हणाले.

किती महिन्यांनी ऐकला मी तो आवाज. गंजल्यासारखा झाला होता. मला वाटलं, ते त्या नवरीच्या बांगडीबद्दल बोलतायत.

"तिचे हात सुजले होते," अब्बा म्हणाले. "बायायनं बत्त्यानं फोडल्या. मी भाईर बसून आयकत होतो. मले बोलावलं असतं तं एक बी फुटली नसती."

आमच्याकडे मय्यतीला नहाण घालण्याआधी अंगावरचं सगळं काढतात. बाईला बायाच नहाण घालतात. आणि जीव गेला की नवरा बायकोला परका होतो, त्याने तिला हात लावायचा नाही, अशी आमच्या लोकांची समजूत. निकाह झाल्यापासून अम्मीच्या हातात अब्बांशिवाय कुणी बांगडी भरली नव्हती, कुणी उतरवली नव्हती. त्या दिवशी सुजलेल्या हातांतून बांगड्या निघेनात, म्हणून बायांनी फोडल्या. मी आतच होते, पाणी ओतत होते. तो आवाज मला आठवतही नव्हता. अब्बा मात्र अंगणात खाटेवर बसून एकेक ऐकत होते, आणि गेले कित्येक महिने तेच ऐकत होते. हे ज्यांना सांगायचं ते पीर तर कधीच मातीआड गेले होते.

मला रडू फुटलं. चांगलं मोठ्याने. बाहेर लोकांमध्ये गलका झाला, "बाबानं बाईतलं काई तरी काढलं!"

डॉक्टरांनी मला गप्प केलं नाही. आपली खुर्ची अब्बांजवळ ओढली, आपला रुंद, केसाळ हात पुढे केला आणि विचारलं, "न फोडता कशा काढायच्या असतात? मला दाखवाल?"

अब्बांनी तो हात घेतला. अंगठा कसा आत दुमडायचा, गाठ कशी दाबायची, साबण नेमका कुठे लावायचा, बाईला बोलतं कसं ठेवायचं म्हणजे हात सैल पडतो, सगळं दाखवलं. बोलत होते, थांबत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं, पुन्हा बोलत होते. तेवढ्यात भाऊंनी परत दार उघडलं. पाहतात तो बाबांनी डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरलेला.

"बाबानं डॉक्टरले मुरीद केलं!" भाऊ व्हरांड्याकडे तोंड करून ओरडले. बाहेर एकच जयघोष.

अब्बा उठले. त्यांनी डॉक्टरांना सलाम केला आणि पाठ न दाखवता दारापर्यंत उलटे चालत गेले. मनातलं सगळं काढून ठेवलं की तिथून असंच निघायचं, एवढंच त्यांना आयुष्यभर ठाऊक होतं. बाहेर पडताना ते भाऊंच्या पायावर पडता पडता वाचले.

व्हरांड्यात वाद पेटला. एक पक्ष म्हणे, हात बाबांनी धरला, म्हणजे डॉक्टर मुरीद. दुसरा म्हणे, उलटे बाबाच चालत आले, म्हणजे डॉक्टरच पीर. भाऊंची फार कुचंबणा झाली. शेवटी त्यांनी निवाडा दिला, की दोघंही पोहचलेले, आपण दोन्हीकडे जावं.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांकडे ही गर्दी! लोक चपला काढून आत येत, मनातलं सगळं भडाभडा सांगत, सुईचं नावही काढत नसत आणि उलटे चालत बाहेर पडत. डॉक्टर गप्प बसले की आता लोकांना त्याचा अर्थ लागत होता. एकाने तर हिरवी चादर आणली. डॉक्टरांनी घाबरून मला विचारलं, "हिचं मी काय करू?" मी म्हटलं, "थंडी आली की पांघरा." त्यांनी खरोखर पांघरली.

अब्बा काही एका दिवसात बरे झाले नाहीत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या मी रोज न चुकता दिल्या. अब्बा दर महिन्याला जात राहिले, कधी बोलायचे, कधी नुसते बसून यायचे. एक दिवस ते जेवताना म्हणाले, "डाळीत मीठ नाई." मी चुलीपुढे बसून हसले की रडले, सांगता येणार नाही. मग हळूहळू सगळंच सुरू झालं. पंचायतीला शिव्या, शेजाऱ्याच्या कोंबड्यांना शिव्या, मला लग्नावरून टोमणे.

भाऊ एकदा आले, अब्बांपुढे हात जोडून बसले, आणि अब्बांनी त्यांना विचारलं, "यंदा धान कसं झालं?" भाऊंचा चेहरा पडला. "बाबा आमच्यासारखेच झाले जी," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. पुढच्या आठवड्यापासून ते आले नाहीत. गर्दी ओसरली. समोरच्या बाईने वांगी उचलून पुन्हा टमाटे मांडले. जुमेरातीला दर्ग्यावर पूर्वीचेच चार लोक उरले आणि अब्बा त्यांना पूर्वीसारखेच टाकी भरायला लावू लागले.

मला एवढंच कळलं, की दुःखातून दर्ग्याची वाट जाते तशी दवाखान्याचीही जाते, आणि सुरुवातीला दोन्ही वाटा अगदी सारख्या दिसतात. भाऊ अगदीच चुकले होते, असं मला आज वाटत नाही. अब्बांकडे पाहून त्यांना काहीतरी मोठं दिसलं होतं. फक्त त्याला घास भरवायला हवा होता, हे त्यांना दिसलं नाही.

आता माझ्या हाताचं सांगायचं राहिलं. अम्मीने शेवटच्या ईदला माझ्यासाठी हिरव्या बांगड्या काढून ठेवल्या होत्या, त्या अब्बांनी मला भरल्या होत्या. त्या मी उतरवल्याच नव्हत्या. आणि पुढे रेवड्या-बत्ताशांनी हात असा भरला, की उतरवायच्या म्हटलं तरी उतरेनात. मनगटावर वळ उठले होते. नर्सबाई म्हणाल्या, "फोडून टाका ना, काय त्यात!" मी हात मागे घेतला.

हिवाळ्यातल्या एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अब्बांचं लक्ष माझ्या मनगटाकडे गेलं. ते आत गेले, साबण आणि तांब्याभर पाणी घेऊन आले आणि समोर बसले.

"आण हात."

त्यांनी माझ्या हाताला फेस लावला, अंगठा आत दुमडला आणि गाठ दाबली. मी कळवळले.

"बोलत राह्य," ते हाताकडे पाहत म्हणाले. "हात सैल पडते."

मी काय बोलणार! तरी बोलू लागले. डॉक्टरांच्या हिरव्या चादरीबद्दल, नर्सबाईंबद्दल, आणि मग मला कळायच्या आत अम्मीबद्दल. ती गेल्यापासून मी तिच्याविषयी कुणाशी बोलले नव्हते. सगळ्यांचं बोलणं सगळ्यांना समजावून सांगता सांगता माझं राहूनच गेलं होतं. अब्बा माझ्या तोंडाकडे पाहत नव्हते. "हं," म्हणत होते आणि एकेक बांगडी उतरवून शेजारच्या फडक्यावर ठेवत होते.

माझं बोलून संपलं तेव्हा हात मोकळा झाला होता. अब्बांनी तो धुऊन कोरडा केला आणि फडक्यावरच्या बांगड्या उन्हात धरून एकेक फिरवून पाहिली. एकही फुटली नव्हती.